पेशीच्या वेशीवरील जागल्या

बोटांत कांटा मोडून जखम चिघळली म्हणजे ती जागा लाल होते, सुजते, ठणकते आणि हातास ऊन लागते. वैद्यकांत यालाच दाह म्हणतात. सामान्य माणूस त्यास रोग समजतो. वस्तुतः शरीरानें जंतूंविरुद्ध पुकारलेलें तें युद्ध असतें. परंतु शत्रु आंत शिरल्याची पहिली वर्दी देतो कोण? या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेंत काम करणारे रिचर्ड फायफर यांनीं १८९२ च्या सुमारास पटकीचे जंतु उष्णतेनें मारून गिनीपिगांस टोचले. जंतु मेलेले, तरीहि प्राणी दगावले! म्हणजे विष जंतूंच्या देहांतच होतें. त्यास अंतर्विष हें नांव मिळालें. पटकी, विषमज्वर इत्यादि रोगांच्या जंतूंच्या बाह्य कवचांत असलेला, चरबी व शर्करा यांचा बनलेला, हा एक रेणु आहे.

पुढें अमेरिकेंत उंदरांचा एक चमत्कारिक वंश आढळला. अंतर्विषाची जबर मात्रा टोचली तरी त्याचें कांहीं बिघडत नसे. उलट थोडेसे जिवंत जंतु मात्र त्याचा सहज प्राण घेत. हें कोडें सुटण्यास एक माशी उपयोगी पडली. १९९६ सालीं फ्रान्समध्यें झूल हॉफमन व त्यांचे सहकारी यांना असें दिसलें कीं, फळमाशींतील ‘टोल’ नांवाचें जनुक निकामी झालें तर ती बुरशीला बळी पडते. १९९८ सालीं अमेरिकेंत ब्रूस बॉयट्लर यांनीं त्या उंदरांतील दोष शोधून काढला. ‘टोल’सारख्याच एका प्रथिनाच्या आठशेंहून अधिक दुव्यांच्या सांखळींत एकच दुवा बदललेला होता. २०११ सालीं या दोघांस नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला.

टी-एल-आर-४ नांवाचें हें प्रथिन म्हणजे पेशीच्या वेशीवरील जागल्याच होय. त्याचें एक टोंक पेशीबाहेर, दुसरें आंत. बाहेरील टोंक एका सहायक प्रथिनाच्या साह्यानें अंतर्विष ओळखतें. मग अशीं दोन प्रथिनें जुळतात आणि आंत वर्दी जाते. पेशी दाहजनक द्रव्यें सोडते, रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी धांवून येतात. बोटापुरता हा प्रकार प्राणरक्षक असतो. परंतु हीच हांकाटी सर्व शरीरांत उठली, तर रक्तवाहिन्या झिरपूं लागतात, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडें व फुप्फुसें थकतात. ही अवस्था म्हणजे सेप्सिस. येथें जंतूंइतकाच घात शरीराच्या स्वतःच्या आवेशानेंहि होतो.

तर मग जागल्याचें तोंडच कां बंद करूं नये? तसें करणारें एरिटोरान नांवाचें औषध सुमारें दोन हजार अत्यवस्थ रुग्णांवर योजून पाहिलें. २०१३ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला कीं, मृत्यूंचें प्रमाण घटलें नाहीं. एकदां सैन्य निघाल्यावर जागल्यास गप्प करून उपयोग काय, असें त्याचें एक स्पष्टीकरण देण्यांत येतें. शिवाय ते उंदीर आठवावेत: ज्या गांवांत जागल्याच नाहीं, तें गांव सुरक्षित नसतें.

म्हणून आजहि भरंवसा आहे तो वेळीच केलेल्या उपचारावर. जंतुसंसर्ग झालेल्या माणसाचा श्वास जलद होऊं लागला, लघवी कमी झाली, बोलण्यांत असंबद्धता आली, तर घरगुती काढ्यांत वेळ न दवडतां त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. तेथें एकेका घटकेस मोल असतें.