खो मिळाला की उठायचं!

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मेकॅनिकलची पदवी घेतली आणि नोकरी मात्र सॉफ्टवेअरमध्ये केली. तरी स्प्रिंग दिसली की अजून ती दाबून बघावीशी वाटते. आज आपल्या सगळ्यांच्या पायात असलेल्या स्प्रिंगबद्दल दोन शब्द बोलते.

टाचेच्या मागे, पोटरीच्या खाली चिमटीत जी टणक दोरी लागते, ती अकिलीस कंडरा. स्नायू ओढतो आणि कंडरा ती ओढ हाडापर्यंत पोचवते. धावताना पाऊल टेकलं की ती ताणली जाते, ऊर्जा साठवते आणि पाऊल उचलताना त्यातली सुमारे ९० टक्के परत देते. त्या वेळी तिच्यावरचा भार वजनाच्या ६ ते ८ पट असू शकतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या टाचेमागे ४०० किलोच्या आसपास!

ही दोरी कधी तयार होते? १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ खूप वाढला आणि नंतर हळूहळू घटला. त्यामुळे शरीरातला एखादा भाग कोणत्या काळात घडला, हे त्यातल्या कार्बनवरून ओळखता येतं. २०१३ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी या पद्धतीने दाखवलं, की या कंडरेचा गाभा साधारण वयाच्या पहिल्या १७ वर्षांत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. स्नायू मात्र आयुष्यभर नवा होत राहतो. म्हणजे आज आपण ज्या दोरीवर चालत आलो, तिचा बराचसा गाभा याच मैदानावर विणला गेला!

म्हणून शनिवारी टर्फवर क्रिकेट खेळणाऱ्या मित्रांनो, ऐका. पाच दिवस खुर्चीत आणि सहाव्या दिवशी एकदम चोरटी धाव, हे या दोरीला मानवत नाही. व्यायामाने स्नायू काही आठवड्यांत बळावतो, कंडरेला महिने लागतात. ती तुटते तेव्हा मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटतं म्हणतात. वळून बघावं, तर मागे कुणीच नसतं!

आता दुसरी बाजू. वयानुसार स्नायूंची ताकद घटते, पण त्याहून लवकर घटते ती झटकन ताकद लावण्याची क्षमता. ठेच लागल्यावर सावरायला नेमकी तीच लागते. गेल्या वर्षी माझी आई बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण पुन्हा एकटीने जिना चढायला तिला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी हे सगळं वाचायला लागले.

वाचताना सगळ्यात धीर दिला तो १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका प्रयोगाने. वृद्धाश्रमातल्या, वयाची नव्वदी गाठलेल्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आपली तर अजून पन्नाशीही झालेली नाही.

करायचं काय? पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहून टाचा वर न्यायच्या आणि सावकाश खाली सोडायच्या, कठड्याला धरून. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. सवय झाली की उठताना झटकन उठायचं. दुखणं किंवा ऑपरेशन झालेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

यातलं नवीन काय आहे? खो-खोच्या पाटीवर आपण उकिडवे बसायचो आणि पाठीवर थाप पडली की सुटायचो. गृहपाठ नसला की उठाबशा मिळायच्या. सर, तेव्हा ती शिक्षा होती, आता औषध आहे. तुम्हीही आमच्याबरोबर घ्या.

चहा तयार आहे. सगळ्यांनी उठायचंय, पण खुर्चीच्या हातांना न धरता. खो!