सांध्याला गिअर बदलता यायला हवा



रोबोटची परिषद म्हटली की चर्चा कॅमेऱ्यांकडे, सेन्सरकडे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळते. मुंबईत वडाळ्यातल्या या सभागृहातही कालपासून तेच चालले आहे, आणि ते स्वाभाविक आहे. आजचे अध्यक्षीय भाषण मात्र मोटर आणि हात यांच्या मध्ये बसलेल्या गिअरबॉक्सविषयी आहे. रोबोटच्या हाताचे वजन, किंमत आणि धोका यांतला मोठा वाटा इथेच ठरतो.

विजेची मोटर वेगाने फिरते, पण तिचा जोर तुटपुंजा असतो. समजा, खांद्याच्या मोटरीचा टॉर्क ०.३ न्यूटन-मीटर आहे आणि वेग मिनिटाला ३००० फेरे. तिला १०० ला १ असा गिअर जोडला की, घर्षण सोडून, सांध्यावर ३० न्यूटन-मीटर मिळतात आणि वेग उरतो ३० फेऱ्यांचा. साठ सेंटिमीटर लांबीच्या हाताने तीन किलोचा डबा आडवा धरायला साधारण १८ न्यूटन-मीटर पुरतात. हाताचे स्वतःचे वजन धरूनही काम भागते. पण डबा ठेवून रिकामा हात परत येतो, तोही त्याच ३० फेऱ्यांनी. इथे २० ला १ चा गिअर असता, तर तो पाचपट वेगाने परतला असता.

वेगापेक्षा गंभीर मुद्दा सुरक्षिततेचा. मोटरीच्या रोटरचे जडत्व सांध्यावर गिअरच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढून येते. १०० ला १ असेल तर १०,००० पट, २० ला १ असेल तर ४०० पट. फिरता हात कामगाराच्या कोपराला लागला, तर त्या धक्क्यात हे सारे जडत्व सामील असते. कुंपणाआड वेल्डिंग करणाऱ्या रोबोटला ते चालून जाते, माणसाशेजारी उभ्या असलेल्या रोबोटला नाही.

जगाने याची दोन टोकाची उत्तरे काढली. पहिले वॉल्टन मसर यांचे, १९५० च्या दशकातले हार्मोनिक ड्राइव्ह. त्यातल्या लवचीक कड्याला २०० दाते असतील, तर बाहेरच्या कड्याला २०२. आतला लंबगोल एकदा पूर्ण फिरला की लवचीक कडे जेमतेम दोन दाते सरकते, म्हणजे गुणोत्तर १०० ला १, तेही जवळजवळ शून्य ढिलाईने. १९७१ साली अपोलो १५ बरोबर चंद्रावर गेलेल्या गाडीच्या चाकांत हीच रचना होती. दुसरे टोक एमआयटीच्या चित्ता रोबोटचे: मोठ्या व्यासाची मोटर आणि सुमारे सहाला एक एवढाच गिअर. पाय जमिनीवर आपटला की धक्का मोटरीपर्यंत पोचतो आणि मोटर नमते. दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण दोन्हींत गुणोत्तर कायमचे ठरलेले.

बदलते गुणोत्तर मराठी माणसाला नवे नाही. पुण्याच्या कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर काढलेली कायनेटिक होंडा १९८० च्या दशकात रस्त्यावर आली, आणि गिअर न टाकता चालणारी स्कूटर घरोघर पोचली. तिच्या व्हेरिएटरमध्ये इंजिनाचा वेग वाढला की रोलर बाहेर फेकले जातात, पुलीच्या बाजू जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मग हीच रचना लहान करून सांध्यात का बसवू नये? कारण स्कूटरचा व्हेरिएटर वेग ओळखतो आणि सांध्याला ओळखायचा असतो भार. जड वस्तू स्थिर धरलेला हात शून्य वेगात सर्वांत जास्त जोर मागतो. शिवाय तो क्षणोक्षणी दिशा बदलतो, आणि बेल्ट जरासा घसरला तरी बोटाची जागा चुकते.

दात्यांचे दोन गिअर ठेवले, तर अडचण वेगळी. गाडीचा क्लच दाबल्यावर ती क्षणभर आपल्या गतीने पुढे जाते. हवेत वजन धरलेल्या हाताचा गिअर सुटला, तर वजन खाली येते. एमआयटीतल्या अलेक्झांडर जिरार आणि हॅरी असाडा यांनी २०१५ मध्ये यावर चांगली युक्ती मांडली. एक वेगवान मोटर आणि एक मोठ्या गिअरची मोटर डिफरन्शियलने एकत्र जोडायच्या आणि वेगवान मोटरीला ब्रेक द्यायचा. ब्रेक सुटलेला असताना हात चपळ, ब्रेक लागला की बलवान. मधल्या काळात पकड तुटत नाही.

या विषयाची सर्वांत निकडीची जागा म्हणजे कृत्रिम हात. पेला उचलताना बोटे आधी मोकळ्या हवेत मिटतात. तेव्हा वेग हवा, जोर नको. पेल्याला स्पर्श झाला की सगळे उलटते. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील डडली चाइल्ड्रेस यांनी याचसाठी दोन मोटरींचा पंजा केला, एक मोटर मिटण्यासाठी आणि दुसरी दाबण्यासाठी. २०१८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने आणखी सोपी वाट दाखवली. बोटाची दोरी गुंडाळायचा रूळच त्यांनी मऊ, दबणाऱ्या पदार्थाचा केला. दोरीवर ताण आला की रूळ आकसतो, त्रिज्या घटते आणि जोर आपोआप वाढतो. त्यात ना सेन्सर लागतो, ना क्लच.

शरीरातही हे घडते. कोपर वाकतो तसे दंडाच्या स्नायूच्या कंडरेचे सांध्याच्या अक्षापासूनचे अंतर बदलते. काटकोनाच्या आसपास ते सर्वाधिक असते. हेच अंतर शस्त्रक्रियेतही ठरवावे लागते. कुष्ठरोगात हाताची अल्नर चेता निकामी होऊन बोटे आखडतात. तेव्हा शल्यचिकित्सक दुसऱ्या स्नायूची कंडरा तिथे वळवतात. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी हे काम केले. कंडरा अक्षापासून किती दूर बसवायची, हा गिअरचाच निर्णय आहे. वडाळ्यात १८९० पासून कुष्ठरुग्णांची शुश्रूषा करणारे अ‍ॅकवर्थ रुग्णालय आहे. शेजारी माटुंग्याला १९२३ पासून व्हीजेटीआय हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. हातावर उपचार करणारे आणि यंत्र घडवणारे इतक्या जवळ असणे ही मोठी सोय आहे. दोघांनी एका टेबलावर बसावे, ही या व्यासपीठावरून मनापासून विनंती.

विद्यार्थ्यांसाठी कामही ठरवून देता येईल. एकच सांधा आणि एकच मोटर घ्यावी. त्या सांध्याने आधी उडता टेबल टेनिसचा चेंडू अडवावा आणि लगेच दोन किलोचे वजन उचलून दहा सेकंद स्थिर धरावे. प्रत्येक गटाने गिअरबॉक्सचे वजन, दोन्ही गुणोत्तरांतली कार्यक्षमता, बदलायला लागलेला वेळ आणि हजार वेळा बदल झाल्यावरची झीज लिहून द्यावी. झिजलेले भागही सोबत आणावेत. परीक्षकांनी ते आधी पाहावेत आणि प्रात्यक्षिक नंतर.