वेखंड : सहाणेवरचे आणि कपाटातले

बाळगुटीची डबी उघडली की हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड या सगळ्यांच्या आधी नाकाला कळते ते वेखंड. पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतीचा हा जमिनीखालचा कंद. कर्नाटकात तुमकुर भागात त्याची शेती होते. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात ते त्याचे वाळलेले, पेरापेराचे, तपकिरी तुकडे.

पोट फुगू नये, वाचा लवकर फुटावी म्हणून ते तान्ह्या मुलांना देत आले. पण कसे? सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब घ्यायचे आणि एकेका औषधाचे वेढे मोजायचे. वेखंडाचा एकच, तोही निसटता. घरातली जाणती बाई या मोजणीत कुणाला हात घालू देत नसे, आणि ते योग्यच होते. आयुर्वेदात वचा म्हणजे वेखंड हे उलटी करवणारे द्रव्य मानले आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात त्याची मात्रा ६० ते १२० मिलिग्रॅम आहे. उलटी करवायची असेल तर १ ते २ ग्रॅम. आता बाजारात तयार चूर्णाची पाकिटे आली, वेढा गेला आणि चमचा आला. चहाचा सपाट चमचा भरला तरी वजन दोन ग्रॅमच्या आसपास जाते. मोठ्या माणसाला ओकारी आणणारी ही मात्रा!

दुसरी गोष्ट त्याच्या तेलाची. भारतातल्या वेखंडाच्या तेलात बीटा-ॲसारोन नावाच्या द्रव्याचा वाटा सहसा फार मोठा असतो. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जम्मूच्या वेखंडाचे तेल दीर्घकाळ खाऊ घातलेल्या उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्या. १९६८मध्ये अमेरिकेने वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. उंदरांना रोज दिलेले तेल आणि सहाणेवरचा एक वेढा यांत अंतर आहे, हे मान्य. लहानपणी गुटी चाटलेल्यांनी घाबरून जायचे कारण नाही. पण खात्रीचा फायदा सिद्ध झालेला नसताना तान्ह्या जिवाला हा धोका तरी कशाला?

याच बीटा-ॲसारोनमुळे किडे वेखंडाच्या वाटेला जात नाहीत. म्हणून शालू-पैठण्यांच्या घडीत, लोकरीच्या कपड्यांत त्याचे तुकडे जरूर ठेवा. तिथे ते आपले काम चोख करते. बाळाच्या टाळूवर पूड चोळणाऱ्यांनी मात्र ती नाकातोंडात उडते, हे ध्यानात घ्यावे.

माझी विनंती एवढीच. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही चाटवू नका. वेखंड पोटात गेल्यावर मूल ओकू लागले किंवा सुस्त पडले, तर घरगुती उतारा शोधत बसू नका. तडक दवाखाना गाठा आणि ते पाकीट बरोबर न्या.