‘केंद्रक’ : शब्द एक, अर्थ तीन



सामान्य विज्ञान शिकताना ‘केंद्रक’ हा शब्द मुलांना प्रथम पेशीच्या व पुढे अणूच्या वर्णनात भेटतो. शब्द एक, म्हणून वस्तूही एकच, अशी बालमनाची समजूत होणे स्वाभाविक आहे. ती वेळीच दूर झाली नाही, तर पुढील शिक्षणाचा पायाच कच्चा राहतो.

मूळ लॅटिन शब्द ‘न्यूक्लिअस’. कठीण कवचाच्या फळातील गर, हा त्याचा अर्थ. १८३१ साली वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी ऑर्किडच्या पेशींत दिसणाऱ्या गोलसर भागास हे नाव दिले. आनुवंशिक गुणांचे भांडार ते हेच. १९११ साली अर्नेस्ट रदरफर्ड यांनी अणूच्या मध्यभागी धन विद्युत्भार असलेला अतिसूक्ष्म भाग असल्याचे दाखविले. त्यासही पुढे तेच नाव मिळाले. अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान त्यात एकवटलेले असते. व्यास मात्र अणूच्या दहा हजारांशाहूनही कमी. धूमकेतूच्या शीर्षातील बर्फ व धूळ यांच्या पिंडासही खगोलशास्त्रज्ञ हेच नाव देतात. हॅलेच्या धूमकेतूचा पिंड सुमारे १५ किलोमीटर लांब आहे.

मराठी प्रतिशब्दामुळे आणखी एक अडचण येते. ‘केंद्रक’ म्हणताच मुलास वर्तुळाचा केंद्रबिंदू आठवतो. परंतु वाढलेल्या वनस्पतिपेशीत मोठी रिक्तिका केंद्रकास कडेला सारते. विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिले तसे ते कडेला काढावे आणि शिक्षकाने त्यावर लाल शाईची फुली मारावी, असे घडल्यास चूक आकृतीची नसून अध्यापनाची होय. स्वतःच्या डोळ्यांवरील मुलाचा विश्वास तेथेच उडतो. आणि तो उडाल्यावर विज्ञानाचे केवळ पाठांतर उरते.

यास उपाय सोपा आहे. आरंभी भुईमुगाची शेंग फोडून टरफल व दाणा दाखवावा, म्हणजे मूळ शब्दाचा अर्थ हाती लागेल. नंतर कांद्याच्या पातळ पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकून पेशी पाहावयास द्याव्यात. बोलताना ‘पेशीकेंद्रक’ व ‘अणुकेंद्रक’ असे पूर्ण शब्द वापरावेत. अखेरीस एक प्रश्न विचारावा : एका पेशीकेंद्रकात अणुकेंद्रके किती? ‘अगणित; कारण पेशीकेंद्रक स्वतःच अणूंचे बनलेले आहे,’ असे उत्तर ज्या वर्गातून येईल, तेथे पाठ सफल झाला असे समजावे.