टिळकांच्या घरची श्रद्धा

नागपुराहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी भंडारा रोड, तुमसर, तिरोडा हीं स्थानकें मागें टाकीत गोंदियाला येते. सुमारें १३० किलोमीटरांचा हा पल्ला. गोंदियाच्या पुढें आमगांव, सालेकसा, दरेकसा. मग डोंगर व जंगल. आणि त्यापलीकडे डोंगरगड व राजनांदगांव. गोंदियाचें नांव निघालें कीं धानाच्या गिरण्या, विडीचीं पानें आणि जंगलांतला डिंक यांची आठवण व्हावी, हें स्वाभाविकच आहे. मराठींतील अत्यंत गोड अशीं ख्रिस्ती भक्तिगीतें आणि मराठींतील एक अव्वल दर्जाचें आत्मचरित्र यांचा या लोहमार्गाशीं कांहीं संबंध असेल, अशी शंका मात्र फलाटावर चहा घेणाऱ्या उतारूच्या मनाला शिवतही नसेल. तथापि तो संबंध आहे, श्रोतेहो, आणि तो मोठा गमतीचा आहे.

हा लोहमार्ग १८८२ सालीं राजनांदगांवपर्यंत पोंचला. त्यानंतर सुमारें दहा वर्षांनीं, म्हणजे १८९३ च्या सुमारास, एक तिशी ओलांडलेले ब्राह्मण गृहस्थ नागपुराहून राजनांदगांवास नोकरीसाठीं निघाले होते. त्यांचें नांव नारायण वामन टिळक. डब्यांत समोर एक गोरा गृहस्थ बसला होता. त्या काळीं गोऱ्या माणसाशेजारीं बसण्याचा प्रसंग आला म्हणजे आपल्याकडील मनुष्य अंग चोरून बसे. परंतु येथें संभाषण निघालें तें काव्यावरून, आणि काव्याचा विषय निघाल्यावर टिळक अंग चोरून बसणें शक्यच नव्हतें. निरोप घेतांना त्या गृहस्थानें बायबलांतील 'नवा करार' टिळकांच्या हातीं ठेवला आणि तो मनापासून वाचल्यास दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असें भाकीत केलें. टिळकांना तें भाकीत हास्यास्पद वाटलें. वाचण्याचें वचन मात्र त्यांनीं दिलें, आणि दिलेलें वचन पाळण्यासाठीं ते वाचूं लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील पांच ते सात या अध्यायांत येशूचें डोंगरावरील प्रवचन आहे. तेथें ते पोंचले आणि तेथेंच गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचें नांव टिळकांनीं विचारून घेतलें नव्हतें. तो अर्नेस्ट वॉर्ड नांवाचा मिशनरी असावा, असें पुढें शोध करणाऱ्यांनीं सांगितलें आहे. आयुष्याला कलाटणी देणाऱ्या माणसाचें नांव विचारावयास विसरणें, हें टिळकांच्या स्वभावाला सर्वस्वी शोभण्यासारखेंच होतें!

कारण हे टिळक म्हणजे विलक्षण गृहस्थ. १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं त्यांचा जन्म झाला. वडील तापट, आईवर त्यांची जीव लावणारी माया. आई वारली तेव्हां कोंवळ्या वयांतच हा मुलगा घर सोडून बाहेर पडला आणि नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत शिकला. घरांतून निघून जाण्याची ही जी संवय लहानपणीं लागली, ती जन्मभर सुटली नाहीं. लग्नानंतर आज या गांवीं, उद्यां त्या गांवीं. कधीं सांगून, पुष्कळदां न सांगतां. बायको कधीं सासरीं, कधीं माहेरीं, कधीं बहिणीच्या घरीं. बिऱ्हाड थाटावें, चार भांडीं जमवावीं, आणि तोंच टिळकांच्या मनांत नवी कल्पना यावी, हा त्या संसाराचा नेम होता. हातांत पैसा आला तर तो घरीं येईपर्यंत टिकेल, याची खात्री नसे. वाटेंत कोणी गरजवंत भेटला कीं तो पैसा त्याचा. राग आला तर वीज कडाडावी तसा. आणि गेला तर मागमूस न ठेवतां.

अशा माणसाशीं गांठ पडली ती नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूची. १८६८ सालीं जन्मलेली ही मुलगी अकरा-बारा वर्षांची असतांना लक्ष्मी होऊन टिळकांच्या घरीं आली. तिच्या माहेरींही विक्षिप्तपणाची वाण नव्हती. १८५७ च्या धामधुमींत तिच्या आजोबांना फांशी झाली, त्याचा धक्का तिच्या वडिलांना बसला आणि त्यांचें सोवळें वेडाच्या थराला गेलें. बाजारांतून आणलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत यावयाची नाहीं, असा त्यांचा दंडक. पोरांना खेळतांना धाक, जेवतांना धाक, पाण्याच्या भांड्याला हात लावतांना धाक. असें बालपण सोसलेला दुसरा कोणी जन्मभर कडवट झाला असता. लक्ष्मीबाईंनीं मात्र म्हातारपणीं या सर्व गोष्टी अशा हंसत सांगितल्या आहेत कीं, वाचणाराला प्रथम हंसूं येतें आणि पान उलटल्यावर डोळ्यांत पाणी उभें राहतें.

आतां ज्या प्रसंगीं हंसूं संपतें, त्याकडे वळावयास हवें. टिळकांनीं धर्म बदलला तो पत्नीला बरोबर घेऊन नव्हे. ती मुलासह दूर होती. बातमी आली तेव्हां नातलगांत हाहाकार उडाला. नवरा जिवंत असून नाहींसा; कपाळाचें कुंकू शाबूत, परंतु संसार मोडलेला; आणि पदरांत लहानगा दत्तू. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीला यापेक्षां वरवंटा तो कोणता? पुढचीं सुमारें पांच वर्षें हीं नवरा-बायको वेगळीं राहिलीं. लक्ष्मीबाई नातलगांच्या आधारानें पंढरपुरासारख्या क्षेत्रांत दिवस कंठीत होत्या. दुःखानें मन इतकें भ्रमिष्ट झालें कीं, नातलगांनीं त्यांना डोळ्यांत तेल घालून जपलें. याच काळांत त्यांना कविता सुचूं लागल्या, हेंही नवल.

टिळकांच्या श्रद्धेविषयीं लिहिणारांनीं हीं पांच वर्षें पुष्कळदां घाईनें ओलांडलीं आहेत. सत्य सांपडलें म्हणून मनुष्यानें त्याच्यामागें जावें, हें खरेंच. परंतु त्या सत्याची किंमत त्यानें एकट्यानें दिली नाहीं, घरांत बसलेल्या दुसऱ्या जिवानेंही दिली, आणि त्या जिवाला कोणी विचारलें नव्हतें. लक्ष्मीबाई हें झांकून ठेवीत नाहींत. त्या नवऱ्यावर फिर्याद करीत नाहींत, तशी त्याची वकिलीही करीत नाहींत. जें झालें तें सांगतात आणि पुढें जातात. त्यांचा विनोद म्हणजे जखमेवर टाकलेलें रेशमी वस्त्र नव्हे. जखम उघडी ठेवूनही माणसाला हंसतां येतें, हें त्यांनीं दाखविलें.

पुढें दोघें पुन्हां एकत्र आलीं तीं अहमदनगरास. त्या दिवसांचें चित्र मोठें मौजेचें आहे. नवरा ख्रिस्ती, मिशनच्या मंडळींत वावरणारा, आणि बायको कडकडीत सोवळ्यांतली! तिची चूल वेगळी, तिचें पाणी वेगळें. नवऱ्याच्या गोतावळ्यांत राहावयाचें आणि त्यांच्या हातचें पाणीही घ्यावयाचें नाहीं, असा बाणा. टिळकांच्या ठायीं अनेक उणिवा असतील. परंतु एक गोष्ट त्यांच्या बाजूनें नोंदलीच पाहिजे. आपला नवा धर्म त्यांनीं बायकोवर लादला नाहीं. ज्या माणसाला भाजी निवडण्याइतका धीर नव्हता, त्यानें या बाबतींत मात्र वाट पाहिली.

आणि शेवटीं जें झालें तें उपदेशानें झालें नाहीं. जाति देवानें केली कीं माणसानें, हा एकच प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनांत घर करून बसला. त्यांनीं कोणत्याही पंडिताला विचारलें नाहीं. ग्रंथ धुंडाळण्याइतकें शिक्षण त्यांच्यापाशीं नव्हतेंच. स्वतःच्याच मनाशीं त्यांनीं वाद घातला आणि स्वतःच निकाल दिला कीं, हा भेद देवाचा असूं शकत नाहीं. निकाल लागतांच अंमलबजावणी! ज्यांच्या सांवलीचा आयुष्यभर विटाळ मानला, त्यांच्या हातचें त्या खाऊं-पिऊं लागल्या. हा पालट आधीं झाला. बाप्तिस्मा १९०० सालीं, त्याच्यानंतर. म्हणजे जलालपूरचें सोवळें सुटलें तें मिशनच्या बंगल्यांत नव्हे, तर लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या डोक्यांत.

दोघांचा धर्म एक झाला. स्वभाव मात्र आपापल्या जागीं राहिले. बाप्तिस्म्याच्या पाण्यानें पाप धुतलें जातें, अशी श्रद्धा आहे. विसराळूपणा धुतला जातो, असें कोठेंही लिहिलेलें नाहीं! टिळक पाळक झाले, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक झाले, तरी पूर्वीइतकेच तापट, पूर्वीइतकेच उधळे आणि पूर्वीइतकेच प्रेमळ राहिले. घरीं पाहुण्यांचा राबता असे. अनाथ मुलें घरचींच होऊन जात. ठकी नांवाची पोरकी मुलगी त्या घरांत लेकीसारखी वाढली. कोंवळ्या वयाचे बालकवि ठोमरे याच घरीं राहिले आणि लक्ष्मीबाईंच्या मायेच्या पांखरेखालीं वावरले. पाहुणा आणावयाचा टिळकांनीं आणि पीठ पुरवावयाचें लक्ष्मीबाईंनीं, अशी कामाची वांटणी होती. परोपकार हा पुरुषांच्या नांवावर जमा होतो आणि त्याचा खर्च बायकांच्या डब्यांतून पडतो, हें श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं अनुभवाचें असेल, त्यांना अधिक सांगणें नलगे.

टिळकांच्या श्रद्धेंत एक खास देशी गोडवा होता. येशूकडे जाण्याची आपली वाट तुकारामाच्या पुलावरून गेली, असें ते सांगत. लहानपणापासून कानांत मुरलेले अभंग, ओव्या आणि कीर्तनाच्या चाली त्यांनीं टाकून दिल्या नाहींत. त्यांच्याच साच्यांत नवी भक्ति ओतली. देवळांत पेटीवर विलायती चालींचीं भाषांतरित गीतें गाणाऱ्या मंडळींना त्यांनीं टाळ-मृदंगाची गोडी लावली. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथें जागा होती. पुन्हां एकदां बिऱ्हाड मोडलें, असें लक्ष्मीबाईंच्या मनांत आलें असेल तर त्यांना दोष कोण देईल? ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळक वारले. या वेळचें जाणें मात्र परत येण्यासाठीं नव्हतें.

मागें एक अपुरें काम राहिलें होतें. 'ख्रिस्तायन' हें ओवीबद्ध महाकाव्य टिळकांनीं १९०९ सालीं आरंभिलें. परंतु दहा-अकरा अध्यायांच्या पुढें तें गेलें नाहीं. आरंभ करावा आणि उठून जावें, ही त्यांची जुनीच रीत. तें पुरें करावयास बसल्या लक्ष्मीबाई. ज्या बाईनें शाळेची पायरी चढली नाहीं, तिनें त्यांत ६४ अध्यायांची भर घातली. आणि ज्यांनीं शाळेंत वर्षानुवर्षें काढूनही चार ओळी धड लिहिल्या नाहींत, त्यांनीं खालीं मान घालावी. नवऱ्यानें अर्धवट टाकलेलें जन्मभर निस्तरलें, तसें हेंही निस्तरलें. फरक इतकाच कीं, या वेळीं तें अमर झालें.

आणि मग 'स्मृतिचित्रें'. टिळकांचें चरित्र लिहावयाचें म्हणून मुलानें, म्हणजे देवदत्तानें, आईजवळ आठवणी मागितल्या. आईनें वडिलांच्या आठवणी लिहिण्याच्या निमित्तानें स्वतःच्या संसाराचें असें चित्र काढलें कीं, चरित्रनायक बाजूला राहिला आणि सांगणारीच मनांत भरली. १९३४ पासून हें पुस्तक चार भागांत बाहेर आलें. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई निवर्तल्या. पुस्तकाचें इंग्रजींत भाषांतर झालें. विजया मेहता यांनीं त्यावर चित्रपट केला. आणि आज इतक्या वर्षांनींही तें वाचून घरोघरीं माणसें हंसतात. त्यांत धर्मांतर आहे, दारिद्र्य आहे, प्लेग आहे, वियोग आहे. तरी वाचकाच्या ध्यानांत अधिक राहतो तो एका तापट, भोळ्या नवऱ्याचा आणि त्याला पुरून उरणाऱ्या बायकोचा संवाद.

यावरून श्रद्धेचें मोजमाप कसें करावें, याचा थोडा बोध होतो. मोठमोठीं वचनें देवळांत पाठ म्हणतां येतात. परंतु घरांत पीठ संपलेलें असतां नवऱ्यानें चार पाहुणे आणले, तर त्या क्षणीं जें तोंडांतून निघतें त्यांत खरी श्रद्धा दिसते. लक्ष्मीबाईंच्या तोंडून अशा वेळीं खरमरीत शब्द निघे, आणि त्यापाठोपाठ चुलीवर तवा चढे. शब्दही खरा आणि तवाही खरा. टिळकांना रागावण्याचा हक्क त्यांनीं कधीं सोडला नाहीं, आणि त्यांना पुन्हां घरांत घेण्याचेंही कधीं नाकारलें नाहीं.

गोंदिया हा १९९९ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. राजनांदगांव आज छत्तीसगडांत आहे. लोहमार्ग मात्र तोच. दरवर्षीं नाताळांत मराठी ख्रिस्ती घरांतून टिळकांचीं गीतें उठतात, तेव्हांही या मार्गावरून गाड्या धांवत असतात आणि अनोळखी माणसें समोरासमोर बसलेलीं असतात. त्यांच्यापैकीं कोणी कोणाच्या हातीं एखादें पुस्तक ठेवीलही. घेणारानें तें जरूर वाचावें. देणाराचें नांवही विचारून घ्यावें. आणि वाचून कांहीं निश्चय झालाच, तर तो प्रथम घरीं जाऊन बायकोला सांगावा.