घरचे काम, उद्याचे स्वप्न आणि इंग्रजीचा पहिला पाठ

(गोव्यातील मराठी माध्यमाच्या प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



इंग्रजीच्या प्रारंभिक वर्गात व्यवसायांचा पाठ आला की डॉक्टर, पायलट, इंजिनिअर यांची चित्रे भिंतीवर लागतात. ‘आय वॉन्ट टु बी अ डॉक्टर’ हे वाक्य सारी मुले एका सुरात म्हणतात. परंतु ‘व्हॉट डझ युवर फादर डू?’ असे विचारताच रेंदेराचा किंवा पाडेल्याचा मुलगा गप्प बसतो. त्याच्या घरच्या कामाला वर्गात शब्दच मिळालेला नसतो. आणि ज्याला शब्द नाही ते काम हलके, असा समज बालमनात सहज रुजतो. म्हणून या पाठाचा आरंभ घरापासून व्हावा.

मुलांनी घरातील व शेजारच्या पाच माणसांची कामे आपल्या भाषेत लिहून आणावीत. शिक्षकाने त्यांना इंग्रजी शब्द द्यावेत. पोदेर म्हणजे बेकर, रेंदेर म्हणजे टॉडी टॅपर. सुटसुटीत नाव नसेल तेथे साधे वाक्य पुरते : ‘ही प्लक्स कोकोनट्स’, ‘शी सेल्स फिश’.

मुलांच्या चुकांनाही कारण असते. मराठीत ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’सारखी उपपदे नाहीत; त्यामुळे ‘माय फादर इज ड्रायव्हर’ असे वाक्य होते. ‘टीच’पासून ‘टीचर’, ‘बेक’पासून ‘बेकर’ हा नियम कळलेले मूल ‘माय मदर इज अ कुकर’ म्हणते. येथे हसू नये. नियम त्याला उमगला आहे. स्वयंपाक करणारी व्यक्ती ‘कुक’ आणि भांडे ते ‘कुकर’, एवढेच सांगावे.

‘मी नर्स होणार’ या वाक्यातील ‘होणार’ इच्छा, बेत आणि भविष्य तिन्ही सांगतो. इंग्रजीत त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. आरंभी इच्छेचा एकच साचा घ्यावा : ‘आय वॉन्ट टु बी अ नर्स’. त्यातील ‘बी’ गळू देऊ नये. ‘गोइंग टु’ आणि ‘विल’ यांची घाई नको.

साचा पाठ झाला म्हणजे भाषा आली असे नव्हे. दक्षिण भारतातील शाळांत 1979 ते 1984 या काळात प्रा. एन. एस. प्रभू यांनी चालविलेल्या प्रकल्पाचा भर, मुलांचे लक्ष अर्थाकडे लागले की भाषेचे रूप अंगवळणी पडते, या विचारावर होता. त्यास अनुसरून मुलांनी जोडीदाराची मुलाखत घ्यावी व वर्गाला सांगावे : ‘शी वॉन्ट्स टु बी अ पोलीस ऑफिसर’. दुसऱ्याचे स्वप्न सांगताना ‘वॉन्ट्स’मधील ‘स’ आपोआप कामाचा ठरतो.

एखाद्याने ‘आय वॉन्ट टु बी अ बेकर’ म्हटले, तर त्याला डॉक्टरकीकडे वळवू नये. शिक्षकाने वाक्य सुधारावे. स्वप्न मुलाचे आहे.