आधी काय हवे?



ज्या शाळेत मी धुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेने आपल्या दिवंगत गणितशिक्षकांच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करावे, यात माझा गौरव आहे. आणि थोडा विनोदही आहे. गुरुजींच्या वर्गात गणितात जेमतेम उत्तीर्ण होणाऱ्यांत माझी गणना होई. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो, तेव्हा ते हसून म्हणाले होते, "आपण दोघेही सुटलो!"

गुरुजींची एक सवय आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. नवे प्रकरण सुरू करण्यापूर्वी ते फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तीन शब्द लिहीत : 'आधी काय हवे?' वर्गसमीकरण शिकायचे, तर अवयव पाडता आले पाहिजेत. चक्रवाढ व्याज शिकायचे, तर घातांक कळले पाहिजेत. मग ते विचारीत, "ज्याला हे येत नसेल त्याने हात वर करावा." हात वर करणाऱ्याला ते कधी रागावले नाहीत. मी मात्र तो हात कधीच वर केला नाही. त्याची किंमत मला पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, आणि तीही दुसऱ्याच्या पोरीच्या बाबतीत, कळून आली. तीच हकिकत आज सांगणार आहे.

याच शाळेची एक विद्यार्थिनी. आजोबा खानदेशातून पोटासाठी सुरतेला आले, वडील उधन्याच्या यंत्रमाग कारखान्यात जॉबर. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, पुढे संगणक अभियांत्रिकीची पदवीधर झाली. एके संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, मला अमेरिकेत वित्तीय अभियांत्रिकीत एम. एस. करायचे आहे. अर्जासोबतचे निवेदन तेवढे तपासून द्याल?"

हा विषय काय, हे मी तिच्याकडूनच समजून घेतले. पण सुरतेच्या माणसाला तो अगदीच परका वाटू नये. हे बंदर भरभराटीला होते तेव्हा येथील सराफ 'जोखमी हुंडी' लिहीत. माल सुखरूप बंदराला लागला तरच त्या हुंडीचे पैसे द्यायचे. जहाज बुडाले तर देणे नाही. म्हणजे कर्ज आणि विमा एकाच कागदात गुंफलेले. अशा कागदाची आज किंमत किती, हे सराफ अनुभवाने ठरवी. १९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी, तसेच रॉबर्ट मर्टन यांनी, अशा सशर्त देण्याची किंमत गणिताने काढण्याची रीत मांडली. शोल्स आणि मर्टन यांना त्यासाठी १९९७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले; ब्लॅक तोवर निवर्तले होते. जोखमीचे मोल करण्याचे हे शास्त्र म्हणजे वित्तीय अभियांत्रिकी.

साहजिकच तिच्या दाराशी गणित उभे आहे. अनेक चलांचे कलन, रैखिक बीजगणित, अवकल समीकरणे, संभाव्यता, संख्याशास्त्र आणि सी प्लस प्लस किंवा पायथन यांसारखी एखादी संगणकभाषा, एवढी शिदोरी ही विद्यापीठे बहुधा आधीच मागतात. अभ्यासक्रम दीड-दोन वर्षांचा, काही ठिकाणी वर्षभराचाच. तेथे पाया भरायला सवड नसते.

आता माझा अपराध. ते निवेदन मी तपासले नाही. मी ते सजवले. तापीच्या पुराची उपमा दिली, बाजाराच्या चढउताराला भरती-ओहोटी म्हटले, 'लहानपणापासून आकड्यांचे वेड' हे वाक्य मीच घातले. चार ठिकाणी अर्ज गेले. तीन नकार आले आणि एका विद्यापीठाने तिला प्रतीक्षायादीत ठेवले. आपली तयारी नेमकी कोठे कमी पडते, असे तिने नम्रपणे विचारले. उत्तर दोन ओळींचे होते : संभाव्यता आणि रैखिक बीजगणित यांचा अभ्यास झाल्याचा पुरावा अर्जात दिसत नाही.

तो कसा दिसावा? तिच्या गुणपत्रकावर 'गणित १', 'गणित २', 'गणित ३' एवढेच छापले होते. रैखिक बीजगणित 'गणित १' मध्ये दडले होते, अवकल समीकरणे 'गणित २' मध्ये. सातासमुद्रापलीकडच्या वाचकाने ते ओळखावे कसे? शब्द आणि आशय यांचे नाते शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्या माझ्या डोळ्यांसमोर तीन निरर्थक शीर्षके होती आणि मी उपमा जुळवीत बसलो होतो.

यापुढचे काम तिने केले. मी केवळ पाहत होतो. तिने एका पानावर तक्ता मांडला : कोणत्या सत्रात कोणता घटक शिकला, कोणते पाठ्यपुस्तक होते, किती गुण मिळाले. सोबत विद्यापीठाचा छापील अभ्यासक्रम जोडला. तो तक्ता करतानाच एक उणीव उघडी पडली. संभाव्यता हा विषय 'गणित ३' च्या एका कोपऱ्यात जेमतेम उरकलेला होता. विद्यापीठाचे म्हणणे निम्मे गैरसमजाचे होते, पण निम्मे खरेच होते.

येथे तरुण मित्रांना थोडे व्यवहाराचे सांगतो. उणीव असेल तर ती अर्ज करण्यापूर्वी भरून काढावी, आणि अशा ठिकाणी भरावी की जेथे परीक्षा होते व गुण मिळतात. नुसती व्याख्याने ऐकल्याने ज्ञान मिळेल, पुरावा मिळणार नाही. आपल्याकडे आय. आय. टी. आदी संस्थांच्या एन. पी. टी. ई. एल. उपक्रमात घरी शिकून केंद्रावर देखरेखीखाली परीक्षा देता येते. न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजने तर प्रवेशेच्छूंसाठी उच्च कलन, संभाव्यता व रैखिक बीजगणिताचे पूर्वतयारीचे वर्गच चालवले आहेत. मात्र अशा प्रमाणपत्राला किती वजन मिळेल, हे ज्या त्या विद्यापीठाला आधीच विचारून घ्यावे.

प्रतीक्षायादीविषयीही एक भ्रम दूर करायला हवा. आपल्याला प्रतीक्षायादी माहीत आहे ती रेल्वेची. तेथे आपला क्रमांक कळतो आणि पुढच्याने तिकीट रद्द केले की आपण एक पायरी वर सरकतो. विद्यापीठांची यादी पुष्कळदा क्रमवार नसतेच. कोणी जागा सोडली की सबंध वर्गाचा मेळ पाहून एखाद्याला बोलावतात. म्हणून 'माझा नंबर कितवा' हा प्रश्न तेथे बहुधा व्यर्थ असतो. यादीत राहायचे असल्यास मुदतीत होकार कळवावा. त्यानंतर नवे काही घडले असेल तरच, एकच छोटे पत्र लिहावे : अमुक परीक्षा दिली, अमुक गुण मिळाले, सोबत गुणपत्रक. दर आठवड्याला आर्जवे करू नयेत. आणि दरम्यान हाती असलेली दुसरी जागा केवळ आशेवर सोडू नये. १५ एप्रिल ही तारीख सर्वांच्याच निर्णयाची, असे अनेकांना वाटते. ती मुख्यतः आर्थिक साहाय्य मिळालेल्यांसाठी आहे. स्वखर्चाने शिकणाऱ्यांची मुदत आणि अनामत रक्कम प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते.

तिचे ते छोटे पत्र मी वाचले. त्यात एकही विशेषण नव्हते. मी पेन खाली ठेवले.

तरीही त्या वर्षी जागा मिळाली नाही. जुलै उजाडला, यादी बंद झाली. तिचे वडील माझ्याकडे येऊन बसले. राहती खोली गहाण टाकण्याची त्यांनी मनाची तयारी केली होती. ते म्हणाले, "सर, नाही झाले हे दुःख आहे, पण जुलैत हो म्हणाले असते तर कर्ज, व्हिसा, विमानाचे तिकीट, हे एका महिन्यात मी कोठून जमवणार होतो?" प्रतीक्षायादीत मुलाबरोबर घरही उभे असते, हे मला तेव्हा उमगले.

त्या संध्याकाळी मी त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट सांगितली. १९१३ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये ते लंडनला आले, अर्थशास्त्राचा अभ्यास सुरू झाला, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने तो अर्धा टाकून परतावे लागले. परंतु निघताना त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवली. मग मुंबईहून ते बडोद्याच्या नोकरीवर गेले. ती रेल्वे आपल्या सुरतेवरूनच जाते. बडोद्यात जातीपायी त्यांना राहायला जागा मिळेना. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, काही मदत व कर्ज घेतले आणि १९२० मध्ये, मुदतीच्या आत, ते लंडनला परतले. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाले. १९२२ मध्ये सादर केलेल्या प्रबंधावर परीक्षकांनी आक्षेप घेतले; तो त्यांनी सुधारून पुन्हा पाठवला आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळवली. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा तो ग्रंथ. चलनाच्या मूल्याचा प्रश्न सोडवणाऱ्या या विद्वानालाही मुदत मागावी लागली, पैसा जमवावा लागला, दुरुस्ती करावी लागली. त्यांच्या वाट्याला आलेल्या अपमानाची आपल्या अडचणींशी तुलना नाही. पण थांबण्याचा काळ कसा वापरावा, हे त्यांच्याकडून निश्चित शिकता येते.

मुलीने एक वर्ष सुरतेतच नोकरी केली. संभाव्यतेची परीक्षा पुन्हा दिली, संख्याशास्त्राची नवी दिली, सी प्लस प्लस शिकली. दुसऱ्या वर्षी तिने पहिल्याच फेरीत अर्ज केले. मार्चमध्ये एका विद्यापीठाचा होकार आला आणि वडिलांना कागदपत्रांसाठी पुरते चार महिने मिळाले. निवेदनात तापी नव्हती. पहिले वाक्य होते : 'गेल्या वर्षी माझी तयारी अपुरी होती, ती मी अशी पूर्ण केली.'

मित्रहो, हे वाक्य म्हणजे गुरुजींच्या वर्गात वर केलेला हात आहे. जे येत नाही ते येत नाही असे म्हणणे, ते शिकणे आणि शिकल्याचा पुरावा देणे, याहून वेगळी युक्ती प्रवेशासाठी मला आढळली नाही.

शाळेला एकच विनंती करतो. आपले माजी विद्यार्थी आज देशोदेशी आहेत. त्यांतल्या दहा जणांनी वर्षातून दोन रविवार द्यावेत, मुलांची गुणपत्रके समोर घेऊन बसावे आणि आधी काय हवे ते वेळेवर सांगावे. भाषा तपासायला मी येईन; विशेषणे घालणार नाही, असे वचन देतो.

गुरुजींच्या स्मृतीला वंदन करून थांबतो.